मारुतीच्या जन्मानंतरचा रविवार

जव्हारला जिथे आमची पावाची भट्टी होती, तिथे आता एक माणूस मोटारसायकली दुरुस्त करतो. भट्टीचा घुमट कधीच पाडला. मागची काळी पडलेली भिंत तेवढी राहिली आहे, तिला टेकून चार टायर उभे असतात. मी गाडीतून उतरले, काठी टेकत गेले आणि सरळ त्या भिंतीला नाक लावलं.

"मम्मी, लोक बघतायत," माझा लेक अंतोन म्हणाला.

"बघू देत. नव्वदीला टेकलेल्या बाईने भिंत हुंगली तर कायदा मोडत नाही."

दुरुस्तीवाला पाना हातात धरून उभाच राहिला. "आजी, तिकडं ग्रीस आहे, लुगड्याला लागल." मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या ग्रीसच्या खाली माझ्या बापाची ताडी आहे. तो हसला. म्हातारी सकाळीच घेऊन आली, असं त्याला वाटलं असणार.

पण होता वास. ताडी घालून फुगवलेल्या मैद्याचा आंबूस वास, सागाच्या ढलप्यांवर तापलेल्या विटांचा वास, आणि पहिली खेप फळीवरून बाहेर आली की गल्लीभर पसरायचा तो तिसरा वास, ज्याला नाव नाही. तो इतका दांडगा होता की शिरपामाळावरच्या गुराख्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. सुरतेच्या वाटेवर महाराजांचा मुक्काम त्या माळावर पडला होता म्हणतात. माझं म्हणणं, तेव्हा आमची भट्टी असती तर महाराज सुरतेला गेलेच नसते, जव्हारातच राहिले असते. बाबांचे पाव तसे हलके. एकदा वावटळ आली आणि टोपलीतले चोवीस पाव उडाले, ते दुसऱ्या दिवशी खोडाळ्याच्या बाजारात सापडले. मी स्वतः पाहिलेत. माझं बोलणं हे असं आहे. काय घ्यायचं नि काय टाकायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

बाबांचं नाव बस्त्याव. मूळचे वसईचे. संस्थानच्या राजवाड्यात साहेब पाहुणे येत, त्यांना पाव लागे, म्हणून बाबांना वर बोलावून घेतलं. बाबा घाट चढले तेव्हा बरोबर माझी आई, तिला आम्ही आय म्हणायचो, सहा वर्षांची माझी थोरली बहीण मार्था, आणि आयच्या पोटात मी. जव्हारपासून मोखाड्यापर्यंत क्रिस्ती घर एकच, आमचं. चर्च थेट खाली, समुद्राच्या अंगाला. मग घरातल्या फळीवरची येशूची तसबीर, तिच्यापुढचा दिवा आणि संध्याकाळची जपमाळ, हेच आमचं चर्च.

दिवेलागणीला आय गुडघ्यांवर बसायची. तिच्या माळेचे मणी चिंचोक्यांसारखे गुळगुळीत झालेले. बाबा भट्टीसमोर शेकून आलेले असायचे, ते दुसऱ्या दशकातच, म्हणजे विसावा मणी यायच्या आतच, पेंगायला लागत, आणि आयने कोपर मारलं की भलत्याच ठिकाणी जोरात 'आमेन' म्हणत. मी तीन-तीन नमो मारिया एका श्वासात गिळायची. मार्था तसं करत नसे. ती प्रत्येक शब्द असा म्हणायची, जसं कोणी नुकतंच उकडलेलं अंडं सोलावं, हलक्या बोटांनी. समोरच्या ओटीवर जोशीकाका तपकीर ओढत बसलेले असायचे. पंचांग बघणारे, मुहूर्त काढून देणारे, सोवळ्यातले. पण बारा वर्षं रोज कानावर पडून त्यांनाही ते पाठ झालं होतं. आयने संतांची नावं घ्यायला सुरुवात केली की गल्लीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "आम्हांसाठी विनंती कर." आणि मग शिंक. ती शिंक ऐकून कचेरीवरचा पहारेकरी तोफ झाली असं समजून सलाम ठोकायचा.

वर्षातून एकदा मामा वसईहून यायचा, थंडीच्या दिवसांत. सुक्या बोंबलांची जुडी आणायचा, आणि त्या जुडीभोवती गुंडाळलेला एक छापील कागद. चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार कधी, ईस्टरच्या आठवडाभर आधीचा झावळ्यांचा रविवार कधी, ईस्टर कधी, सगळं त्यावर. तो कागद आय भिंतीला खळीने चिकटवायची आणि वर्षभर सगळ्या संतांना बोंबलांचा वास यायचा.

आणि वर्षातून एकदाच, ईस्टरनंतरच्या आठवड्यात, फादर वर यायचे. डहाणूकडून लॉरीने, लॉरी रुसली की पायी. त्यांच्या हातात एक काळी पेटी. त्या पेटीत अख्खं चर्च घडी घालून ठेवलेलं: पांढरा रुमाल, घंटी, पेला, दोन मेणबत्त्या. कणीक मळायची आमची फळी घासूनपुसून तिच्यावर मिस्सा व्हायची. त्याआधी कुमसार. फादर कोपऱ्यात खुर्चीवर तोंड फिरवून बसायचे, एकेकाने जाऊन गुडघे टेकायचे आणि वर्षभराची पापं त्यांच्या कानात सांगायची. बाबा दोन मिनिटांत मोकळे. आय जरा डोळे पुसून यायची. माझ्या वेळी फादरांना मध्येच चहा मागवावा लागे. मार्था मात्र त्या दिवसासाठीच जगायची. बाकीच्यांचं वर्ष जानेवारीला नाहीतर पाडव्याला सुरू होतं. तिचं, त्या पेटीची कडी वाजली की.

मग विलीनीकरणाचं वर्ष आलं. संस्थान गेलं. कचेरीवरची पाटी बदलली, कुणाला सलाम करायचा ते बदललं, चौकात लाडू वाटले, आणि मी रांगेत चारदा उभी राहून चार लाडू घेतले. राजवाड्याकडे जाणारी पावांची टोपली बाजारात जायला लागली. नाचणीच्या भाकरीवर वाढलेली माणसं पाव दोन बोटांत दाबून बघत आणि बाबांना विचारत, "मिस्तरी, ह्यात सगळी हवाच हाये. खायाचं काय?"

त्या वर्षी मामा आला नाही. कागद आला नाही. आणि मार्थाला दिवाळीपासून लागलेला खोकला गेला नाही. अठराची होती ती. खोकली की रुमाल मुठीत लपवायची, आणि आय तो धुताना आमच्याकडे पाठ करायची.

होळीला अजून पंधरवडा होता तेव्हा बाबा जोशीकाकांच्या ओटीवर गेले. मी मागे होतेच.

"काका, आमचा उपवासकाळ कधी धरायचा, कळेना झालंय. कागद नाही आला."

"त्यात काय," जोशीकाका म्हणाले. चिमूटभर तपकीर आत गेली, पंचांग बाहेर आलं. "तुमचा देव थडग्यातून उठतो तो रविवार ना? गेल्या वर्षी मारुतीच्या जन्मानंतरचा रविवार होता. त्याच्या आदल्या वर्षीही. तुमच्याकडचा गोड पाव आला होता, जिभेला आठवतंय."

"पौर्णिमेशी काहीतरी आहे खरं," बाबा म्हणाले. "आमचे म्हातारे म्हणायचे."

"मग झालं की! आकाशं काय दोन आहेत? चैत्री पौर्णिमा धरा, पुढचा रविवार तुमचा. तिथून मागे मोजत या." काकांनी बोटांची पेरं मोजली. "हा बुधवार. उद्याचाच."

दुसऱ्या दिवशी बाबांनी फादरांनी गेल्या वर्षी आणून दिलेल्या आशीर्वादित झावळ्या चुलीवर जाळल्या आणि ती राख आमच्या कपाळांवर लावली. मार्थाला लावताना त्यांचा अंगठा जरा थांबला. 'तू माती आहेस आणि मातीला मिळशील', असं म्हणायचं असतं. तिच्या वेळी ते त्यांनी मनातच म्हटलं.

वैद्याने सांगितलं, पोरीला उंचावर न्या, कोरड्या हवेत. भट्टीला सरपण आणणारा लखमा सूर्यमाळचा. त्याची म्हातारी आई, बुधीबाय, तिथे एकटी होती. बाबांनी घराला कुलूप घातलं. खोडाळ्यापर्यंत बैलगाडी, तिथून पुढे मार्थाला डोलीत घालून चौघांनी नेलं. ठरलं असं की झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी परत यायचं, म्हणजे फादर येतील तेव्हा घर झाडलेलं, फळी घासलेली, मार्था बिछान्यावर उशीला टेकून बसलेली.

सूर्यमाळ इतकं उंच होतं की संध्याकाळी केस विंचरले तर फणीत दोन-चार चांदण्या यायच्या. वाऱ्याने एकदा बुधीबायची कोंबडी उचलली ती तीन दिवसांनी खाली आली, तोवर तिने वर अंडी घातली होती. पाणी मात्र नव्हतं. झऱ्याच्या खळग्यात वाटी घेऊन बसायचं, वाटी भरेपर्यंत एक अख्खी जपमाळ होई. तिथे मी प्रथमच सगळे मणी प्रामाणिकपणे मोजले, दुसरं करायला काही नव्हतं म्हणून. सावरीची फळं तडकून कापूस उडायचा, पळस नुसता पेटलेला, दुपारी माळ भट्टीसारखा तापून शांत.

बुधीबाय आमच्या प्रार्थनेला दारात उकिडवी बसायची. एकदा मार्थाला म्हणाली, "पोरी, तुजा देव कुठं रहतं?"

"सगळीकडे," मार्था म्हणाली.

"हितंबी?"

"इथेही."

"मंग सांग त्याला, वाटीभर तं पानी दे. मोठा देव हाये, फुकट बसून काय करतं?"

मार्था हसली आणि खोकली. त्या दिवशी तिने मला जवळ बसवून सांगितलं. आधी तिच्या तोंडून असलं कधी आलं नव्हतं.

"हे बघ, बरं होणं न होणं देवाकडे. पण मला न धुतलेली जायचं नाही. एकदा कुमसार करायचं, एकदा फादरांच्या हातची कम्युनियनची भाकर घ्यायची, मग काय ते होऊ दे. तेवढं तो देईल. त्याची दया मोठी आहे. फादर येईपर्यंत मला काही होत नाही, बघ तू."

"जायचं म्हणजे कुठे जायचं?" मी विचारलं.

"वसईला," ती म्हणाली, आणि माझ्या नाकावर टिचकी मारली.

होळी आली. पाड्यांवरचे सगळे माळावर जमले, ढोल घुमला, पोरींनी पळसाची फुलं उकळून रंग केला. आमचा तर उपवासकाळ. आयने बजावलं, रंगाला हात लावायचा नाही. मी हात लावला नाही, रंगानेच मला लावला. डोक्यापासून टाचेपर्यंत केशरी होऊन मी नाचले, असं नाचले की माळाला खळगा पडला, अजून असेल. मग ओंजळीत थोडा रंग घेऊन झोपडीत गेले. मार्थाने गाल पुढे केला. "एकच बोट हं. आयला सांगू नकोस." तिच्या त्या पांढऱ्या गालावर पळसाचं एक बोट. ती आरसा म्हणून पाण्याच्या वाटीवर वाकली आणि किती वेळ तशीच वाकून राहिली.

तो दिवस गुड फ्रायडेचा होता. जगातला प्रत्येक क्रिस्ती माणूस त्या दुपारी काळे कपडे घालून, घंट्या बंद करून रडत होता. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ठरल्या दिवशी आम्ही परतलो. खोडाळ्यापासून गाडीत मार्था आयच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, आता तिला बसवत नव्हतं. पण जव्हारची चढण दिसली तशी म्हणाली, "पोचलो. वेळेवर पोचलो."

आमच्या कुलपाच्या कडीत झावळीचा एक छोटा क्रूस खोचलेला होता. वाळून पिवळा पडलेला.

जोशीकाका लगबगीने आले, हसतच. "अहो मिस्तरी, तुमचे पाद्रीबुवा येऊन गेले की! तीनेक आठवडे झाले. दोन दिवस माझ्या ओटीवर मुक्काम. मी म्हटलं, महाराज, तुम्ही महिनाभर आधी आलात! ते म्हणतात, सण झाला. मी पंचांग काढून दाखवलं, म्हटलं, चैत्री पौर्णिमा अजून लांब आहे, होळीच्या पौर्णिमेला कसा होईल तुमचा सण? खूप हसले. म्हणाले, जोशीबुवा, रोमपेक्षा तुमचं पंचांग कडक आहे. मला वाटलं, म्हातारे झालेत, विसरले असतील, परत येतील सणाला. आता पुढच्या रविवारी..."

बाबांच्या तोंडाकडे बघून ते थांबले.

"सूर्यमाळला निरोप नाही धाडलात, काका?" बाबांनी विचारलं.

"धाडणार होतो," जोशीकाका म्हणाले. "मग वाटलं, लेकरू हवेला गेलंय, कशाला ओढत आणायचं. सण तर लांब." त्यांनी डबी उघडली, चिमूट घेतली, आणि ती तशीच बोटांत राहिली. "मिस्तरी, चंद्र तोच होता हो. मी फक्त पुढचा धरला."

गाडीत मार्थाने सगळं ऐकलं होतं. आम्ही तिला आत नेऊन निजवलं. आय म्हणाली, "देवाला ठाऊक आहे आपण कुठे होतो. त्याला का पंचांग लागतं?" असं म्हणून तिने दिवा लावला. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला तिचा राग आला. आजही येतो, कारण तो विश्वास मी किती शोधला, मला सापडला नाही.

बाबा त्याच संध्याकाळी फादरांना आणायला निघाले. लॉरी मिळेल तिथे लॉरी, नाही तिथे पाय. त्यांच्यामागे जोशीकाका वेशीपर्यंत गेले.

रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी मार्थाचा श्वास करवत चालल्यासारखा ऐकू यायला लागला. आयने नऊ दिवसांची प्रार्थना एका दिवसात बसवली. एक संपली की लगेच दुसरी, पाणी न पिता. 'आता व आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर.' त्या शब्दांवर ती प्रत्येक वेळी मार्थाकडे बघायची. मारुतीच्या देवळात जन्माची तयारी चालली होती. सुंठवडा कुटल्याचा वास आमच्या खिडकीतून येई, आणि एरवी मी त्या वासाला कुत्र्यासारखी धावले असते.

मोठ्या दिवशी गेली असती तर सांगायला बरं वाटलं असतं. बुधवारी गेली. दुपारी, उन्हं कौलांवर असताना.

गुरुवारी बाबा आले, एकटे. खालच्या मिशनमध्येही कुलूप होतं. फादर कुठल्या तरी आणखी लांबच्या पाड्यांवर गेलेले, कधी येतील कुणाला माहीत नाही. तोवर आम्ही मार्थाला गावाबाहेरच्या उतारावर पुरलं होतं. मातीवरच्या प्रार्थना आयने म्हटल्या, आणि 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणायला आमच्या घरची मी एकटी, म्हणून जोशीकाका बाजूला उभे राहून म्हणत होते. मग 'तिच्यासाठी' म्हणायला लागले. शिंक आली नाही.

रविवारी, चुकीच्या ईस्टरला, आयने बाबांना भट्टी पेटवायला लावली. "उपवास धरलाय तर सोडायला हवा," ती म्हणाली. बाबांनी गोड पाव भाजले. सांगते ते खरं माना: ते फुगले नाहीत. बाबांचे पाव आयुष्यात तेवढे एकदाच बसले, विटेसारखे. आयने एकेक तुकडा सगळ्यांच्या हातावर ठेवला, जोशीकाकांच्याही. त्यांनी तो खाल्ला नाही, धोतराच्या सोग्यात बांधून नेला.

पुढल्या हिवाळ्यात ते स्वतः, सोवळ्यातला माणूस, वसईला जाऊन तो छापील कागद घेऊन आले. बोंबील न घेता. ईस्टर त्या वर्षी मारुतीच्या जन्मानंतरच्या रविवारी होता. बरोबर तिथेच. जोशीकाकांनी ते बोट ठेवून बाबांना दाखवलं, घरी गेले, आणि त्यानंतर त्यांनी कुणाला मुहूर्त काढून दिला नाही. लग्नं अडली, बारशी अडली, लोक चिडले. ओटीवर बसून रहायचे.

फादर त्या वर्षी वेळेवर आले. पेटी उघडली. बाबांना म्हणाले, तिला मनापासून पश्चात्ताप असेल तर देवाला माझी गरज नव्हती, त्याच्या दयेला काठ नाही. आय म्हणाली, "मला ठाऊक होतं." बाबा म्हणाले, "हो फादर." त्यानंतर बाबा जपमाळेच्या वेळी पेंगले नाहीत. डोळे उघडे ठेवून बसत आणि तोंड बंद. पन्नास सालानंतर कचेऱ्या वाढल्या, नोकरमाणसं आली, पाव खपायला लागला, घरावर नवी कौलं चढली. मग एक दिवस बाबांनी भट्टीत पाणी ओतलं आणि आम्ही वसईला परतलो. विटा फुटल्याचा आवाज झाला. एवढाच त्या वर्षांचा आवाज मला आठवतो.

आज अंतोनने गाडी त्या उताराकडे घेतली. तिथे घरं झाली आहेत. कुणाच्या तरी अंगणाखाली असेल ती, किंवा रस्त्याखाली. एक बाई वाळवण घालत होती, तिला विचारावं असं मनात आलं. काय विचारणार? मी गाडीतूनच कपाळावर, छातीवर, खांद्यांवर क्रूस काढला. अंतोनला वाटतं, आपली आई फार भाविक. आमच्या गावच्या बायकांनाही वाटतं. दुपारी तीनला देवाच्या दयेची माळ म्हणायची असते, ती मीच सांगते, माझा आवाज मोठा म्हणून. 'आमच्यावर आणि सर्व जगावर दया कर.' पन्नास वेळा. माझ्या पोटात तेव्हा काही हलत नाही. हात मणी सोडतो, दुसरा धरतो.

दर ईस्टरला मी कुमसारात एकच पाप सांगते. किती फादर आले आणि गेले. सगळे म्हणतात, बाई, तू तेव्हा लहान होतीस, देव दयाळू आहे. अर्ध्या मिनिटात क्षमा. मी म्हणते, हो फादर. आणि पुढच्या वर्षी परत तेच घेऊन येते. ते पाप तुम्हाला सांगायचं मी मघाशी टाळलं. बुधवारच्या दुपारवरून पटकन पुढे गेले.

आय विहिरीवर गेली होती. मी मार्थाजवळ बसले होते. तिने डोळे न उघडता विचारलं, "फादर कुठवर आले गं?"

"विक्रमगडला," मी म्हटलं. "लॉरी बंद पडली, म्हणून फादरांनी वाघ धरला. त्याच्यावर बसून येतायत. बाबा मागे, शेपटी धरून."

"वाघ क्रिस्ती आहे का?"

"वाटेत बाप्तिस्मा दिला. नाव ठेवलं पास्कू."

तिचे ओठ हलले. हसणंच होतं ते. "खोटारडी," ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती करवत. मग: "ते नाही यायचे. इकडे ये. तू ऐक."

तिने मला कुमसार सांगितलं. तोंड माझ्या कानाशी आणून, थांबत थांबत. काय सांगितलं ते मी सांगणार नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे अख्ख्या वसईला माहीत आहे, पण ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. एवढंच बोलते, की तसली पापं मी रोज न्याहारीच्या आधी करते.

"झालं," ती म्हणाली. "आता म्हण ते."

ते म्हणजे फादर शेवटी लॅटिनमध्ये म्हणायचे ते, पापं सोडवणारं. एगो ते अब्सोल्वो. मला पाठ होतं. आयने कोंबडी धरली की सुरीखाली जाण्याआधी मी तिला ते म्हणून मोकळी करायची. जोशीकाकांच्या मांजरीला तर दूध चोरल्याबद्दल दिवसातून तीनदा. मार्था त्यासाठी मला रागवायची, देवाची थट्टा करू नये म्हणायची. आणि तीच आता मागत होती. तिने हात छातीवर जोडले, डोळे मिटले आणि वाट बघत राहिली.

मी तोंड उघडलं. इतकी खोटं बोललेली मी. आत्ता, एका घटकेपूर्वी, वाघाला बाप्तिस्मा दिलेला. तीन शब्द होते. मला वाटलं, देव ऐकतोय. आयुष्यात तेवढं एकदाच वाटलं, की तो इथे, या खोलीत, अगदी खाटेशी उभा राहून ऐकतोय आणि मी चुकले तर तिच्यावर कोपेल. माझी जीभ टाळूला चिकटली.

ती थांबली होती. बाहेर सुंठ कुटणं चालू होतं. मग तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या म्हण."